दहा जणांचं घर गावात हलवलं, त्याला आता अकरा महिने झाले

पहाटतारा

सर्वांना सलाम. इथे बरेच दिवस नुसतं वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. मोठा झालाय, सांभाळून घ्या.

आम्ही घरात दहा जण. मी, नवरा आणि आठ मुलं. थोरली सतरा वर्षांची, शेंडेफळ चौदा महिन्यांचं. शहरात दोघांच्या ओढाताणीत घर नावापुरतं उरलं होतं. संध्याकाळची कौटुंबिक उपासना रात्री साडेदहाला व्हायची, तीही निम्मी मुलं झोपल्यावर. कर्जाचे हप्ते संपले त्याच महिन्यात आम्ही ठरवलं की आता मोठ्या घरासाठी पुन्हा कर्ज काढायचं नाही. गावी जायचं, गरजा कमी करायच्या, पोटापुरतं पिकवायचं आणि मुलांना वेळ द्यायचा. हे खूप प्रार्थना करून ठरवलेलं होतं आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही.

घर गावाबाहेर आहे. दोन खोल्या, एक पडवी, मागे विहीर, भाजीपुरती जमीन, चार शेळ्या, डझनभर कोंबड्या. वीज आहे, पण येते-जाते. नवरा आठवड्यातले चार दिवस कामाला बाहेर जातो.

जे चांगलं झालं ते आधी सांगते. सहा वर्षांच्या पोराला आता कुठली कोंबडी कुठे अंडं घालते ते पक्कं माहीत आहे. नऊ आणि अकरा वर्षांची दोघं वाफे करायला शिकली, त्यांची भांडणं जवळजवळ संपली. दिवेलागणीला आम्ही सगळे पडवीत बसतो, शास्त्रपाठ होतो, दोन गीतं होतात, आणि कोणाला कुठे पळायचं नसतं. यासाठीच आलो होतो.

आता ज्यासाठी धागा काढलाय ते. आमच्याकडे प्रार्थनेच्या वेळी सगळे एकमेकांचे हात धरतात. तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. थोरली माझ्या डाव्या हाताला बसली होती. नवरा नव्या घराबद्दल, विहिरीच्या गोड पाण्याबद्दल देवाचे आभार मानत होता, आणि माझ्या तळव्याला काहीतरी ओलं लागलं. तिच्या हाताला फोड आला होता, तो फुटला होता. दोराचा फोड. ती काही बोलली नव्हती. प्रार्थना संपेपर्यंत मी तो हात तसाच धरून बसले आणि पुढचं एक अक्षर मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी विहिरीच्या कठड्यावर चार वाट्या मांडल्या, प्रत्येकाची एक. पोहरा वर आला की ज्यानं ओढला त्यानं आपल्या वाटीत एक खडा टाकायचा. रात्री मोजले. अडतीस खडे. थोरलीचे बावीस, माझे नऊ, पंधरा वर्षांच्या मुलाचे पाच, नवऱ्याचे दोन. तो त्या दिवशी कामावर गेला होता हे खरं, पण मुलगा घरीच होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिला कोणी सांगावं लागलं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

शहर सोडताना आम्ही कपड्यांचं मशीन विकलं. विकलं त्या दिवशी मला फार मोकळं वाटलं होतं. नंतर कळलं की मशीन गेलं, काम कुठेच गेलं नाही. ते मशीनवरून उतरून माझ्या आणि मुलीच्या पाठीवर येऊन बसलं. लंगोट, दहा जणांचे मातीचे कपडे, चादरी. साधेपणा, साधेपणा म्हणतो आपण, पण आमच्या घरात तो कोणाच्या जिवावर चाललाय हे मी फोड हाताला लागेपर्यंत बघितलंच नव्हतं.

मोठं कुटुंब घेऊन गावी गेलेल्यांना विचारायचंय. काम कसं वाटता? मशीन परत आणलं तर तो पराभव समजायचा का? नवऱ्याला तसं वाटतं, मोकळेपणानं बोललाय तो. आणि रविवारचं काय करता? जवळची चर्चची मंडळी दोन तासांवर आहे. सगळे एकदम जाऊ शकत नाही, म्हणून निम्मे-निम्मे जातो. शेळ्यांची धार काढायला कोणीतरी मागे राहावंच लागतं, आणि तेही बहुतेक तीच राहते.

विहीरकाठ

ताई, आधी पाण्याचं बोलू, बाकीचं जाणते लोक सांगतील.

पोहरा किती लिटरचा आहे? अंदाजे बारा धरतो. अडतीस गुणिले बारा म्हणजे ४५६ लिटर, माणशी साधारण ४५. जागतिक आरोग्य संघटना रोजच्या मूलभूत गरजांसाठी माणशी ५० ते १०० लिटर धरते. आपत्तीत छावणीत राहणाऱ्यांसाठीचं किमान प्रमाण १५ लिटर असतं. म्हणजे तुम्ही पाणी उधळत नाही आहात. ‘पाणी जपून वापरा, मग ओढावं कमी लागेल’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. लंगोटाचं बाळ असलेल्या घरात पाणी कमी केलं की पहिले हात धुणं बंद होतं, आणि मग जुलाब.

एक लिटर म्हणजे एक किलो. तुमची मुलगी रोज अडीचशे किलोच्या वर वजन खोल विहिरीतून वर खेचतेय. दोर थेट हातानं ओढत असाल तर आजच्या आज रहाट किंवा निदान कप्पी बसवा. वजन कमी होत नाही, पण खालच्या दिशेला ओढता येतं, अंगाचा भार लावता येतो, दोर तळव्यात घासत नाही.

त्याहून बरं म्हणजे एक छोटा पंप आणि उंचावर ५०० लिटरची टाकी. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप वीज असेल तेव्हा तासाभराच्या आत ती भरतो. मग दिवसभर वीज नसली तरी उतारानं नळाला पाणी. तुमचं सगळं पाणी त्यात येतं. पाणी रोज एकदाच चढवायचं, तेही माणसानं नाही. घरातल्या कामाचा सगळ्यात मोठा बोजा त्यानं उतरेल.

पावसाचं पाणी: १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी. छप्पर ६० चौरस मीटर असेल आणि २० मिलिमीटरची एक सर आली तर १२०० लिटर. त्यातलं थोडं वाया जातं, आणि पहिलं पाणी छपरावरची घाण घेऊन येतं म्हणून ते बाहेर सोडायचं. उरलेलं कपड्यांना आणि जनावरांना उत्तम.

शौचखड्डा विहिरीपासून निदान ३० मीटर लांब आणि उताराच्या बाजूला आहे ना, ते बघा. पहिल्या पावसानंतर पाणी तपासून घ्या. तोवर पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तसंच उकळू द्या. बाळासाठी तर नक्कीच.

शेवटचं. तुमचं धाकटं आता चालत असेल. विहिरीवर झाकण आहे का? कठडा आहे म्हणालात, पण वाट्या ठेवण्याइतका सपाट कठडा म्हणजे चढायला सोपा कठडा.

ओलीमाती

वाचतेय. आम्ही सहा जण, पुढच्या वर्षी जायचा विचार आहे. वाट्या-खड्यांची युक्ती आजपासून आमच्या शहरातल्या घरात, भांड्यांसाठी.

रानवाट

मी नऊ भावंडांतली थोरली. मी दहा वर्षांची असताना आई-बाबा आम्हाला घेऊन गावी गेले. कारणं तीच, तुमच्यासारखीच प्रामाणिक. म्हणून हे लिहिताना हात थरथरतोय, पण लिहिते.

मला सगळे ‘आईचा उजवा हात’ म्हणायचे. मंडळीतले लोक, पाहुणे, सगळे. ते कौतुक होतं आणि मला ते आवडायचं. पण उजव्या हाताला कधी कोणी विचारतं का, की तुला आज काय करायचंय? चौदाव्या वर्षी मी पाच मुलांना आंघोळ घालून, खाऊ घालून झोपवत होते. मी कधी नाही म्हटलं नाही. नाही म्हणता येतं हेच मला माहीत नव्हतं, कारण जे मागितलं जायचं ते नेहमी सगळ्यांसमोर, उपासनेनंतर, देवाच्या नावानं मागितलं जायचं. तिथे कुठलं मूल नाही म्हणेल?

एकोणिसाव्या वर्षी घर सोडलं. त्यानंतर कित्येक वर्षं मला स्तोत्र म्हणता आलं नाही. तोंडात शब्द आले की नाकात ओल्या कपड्यांचा वास यायचा. आता येत नाही. आता आई आणि मी बोलतो. तिनं माझी माफी मागितली तेव्हा ती ६३ वर्षांची होती. तुम्ही अकराव्या महिन्यात विचारताय, याचं मोल मला विचारा.

मुलीला एकटीला घेऊन बसा. नवरा नको, भावंडं नकोत, बायबल मांडीवर नको. तिला विचारा, तुला इथे राहायचंय का, तुला पुढे काय करायचंय. आणि जे उत्तर येईल ते त्याच वेळी दुरुस्त करायला जाऊ नका. तिला आठवड्यातला एक अख्खा दिवस द्या, ज्या दिवशी धाकट्यांपैकी एकही तिच्या अंगावर नसेल. अभ्यासाचे तास ठरवा आणि त्या तासांत घर जळत असलं तरी तिला हाक मारू नका. आणि ‘तुझ्याशिवाय माझं काय झालं असतं’ हे वाक्य कृपा करून तिला म्हणू नका. ते वाक्य ऐकलेली मुलगी घर सोडताना अपराधी होऊनच सोडते.

पहाटतारा

रानवाट, तुमचा प्रतिसाद वाचून मी मागच्या दारी जाऊन बसले. ते शेवटचं वाक्य मी मागच्याच आठवड्यात म्हटलंय. शब्द न् शब्द तोच.

विहीरकाठदादा, पोहरा बाराचाच आहे. कप्पी नाही, दोर कठड्यावरच्या लाकडावरून ओढतो. झाकणही नाही. आज नवऱ्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता.

जुनंखोड

माझं वय ७८. मी तिसऱ्या पिढीतला शेतकरी, सात भावंडांत वाढलो. रानवाटबाईंचं दुःख खरं आहे, पण त्यावरून मुलांना काम देऊच नये असा कोणी अर्थ काढू नये. मला सातव्या वर्षी गुरं वळायला मिळाली आणि त्यानं माझं काही वाईट झालं नाही. ज्या कामाला पाळी नसते आणि शेवट नसतो, ते काम मुलाला मोडतं. आमच्या आईनं पाळ्या लावल्या होत्या, आणि त्या मुलगे-मुली सगळ्यांना सारख्या होत्या. माझ्या हातचं कालवण भावंडांनी बिनतक्रार खाल्लंय.

पहाटताराबाई, पाळ्यांबद्दल एक जुनी गोष्ट सांगतो, तुमच्या यजमानांनाही सांगा. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं मठवासीयांसाठी नियम लिहिले. पंधराशे वर्षं माणसं त्यावर एकत्र राहतायत, म्हणजे त्यात काही तथ्य असणार. त्याचा ३५वा अध्याय सगळा स्वयंपाकघराचा आहे. प्रत्येकानं आठवड्याच्या पाळीनं वाढायचं-रांधायचं. शनिवारी ज्याची पाळी संपते त्यानं साफसफाई करायची, हातपाय पुसायची फडकी धुवायची, आणि मग संपणारा व सुरू करणारा अशा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. भांडी स्वच्छ आणि धड अवस्थेत मोजून परत द्यायची. आणि त्यातच एक बारीक गोष्ट आहे जी मला फार मोलाची वाटते: जे अशक्त आहेत त्यांना मदतनीस द्यावेत, म्हणजे त्यांना हे काम दुःखी मनानं करावं लागणार नाही. काम होतंय की नाही एवढंच तो माणूस बघत नव्हता. करणाऱ्याचं मन कसं आहे तेही त्यानं नियमात लिहून ठेवलं.

त्याआधी ३१व्या अध्यायात तो सांगतो की मठाची भांडीकुंडी, अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावीत. मी कुदळ धुऊन ठेवताना अजून हे आठवतो.

आता मशीन. साधेपणात सगळ्यात कडक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते अमेरिकेतले आमिश लोक. त्यांच्या कितीतरी घरांत कपडे धुण्याचं मशीन आहे, फक्त ते विजेच्या तारांवर न चालवता छोट्या इंजिनावर किंवा दाबाच्या हवेवर चालवतात. टेलिफोन मात्र अनेक ठिकाणी घरात न ठेवता वाटेच्या कडेला खोपटात ठेवतात. का? कारण कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी ते विचारतात की हिच्यानं घरातली माणसं एकमेकांपासून लांब जातील की जवळ राहतील. टेलिफोन घरात आला तर माणूस समोरच्याला सोडून लांबच्याशी बोलत बसतो. कपड्यांच्या मशीननं कोणाचं नातं तुटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तुमच्या घरात तर ते नसल्यानं तुटायला आलंय. आणा परत, यजमानांना सांगा मी सांगितलंय.

मोकळंआभाळ

खूप छान चर्चा. थोडं वेगळं विचारते. शेळ्या आहेत तर मुलांना धारोष्ण दूध देता का? निसर्गात राहायला गेल्यावर उकळून त्यातलं सत्त्व का घालवायचं, असं मला वाटतं.

दूधभांडं

मोकळंआभाळ, रागावू नका, पण यावर मी गप्प बसणार नाही. शेळीचं दूध मुलांना कच्चं देऊ नका. कधीच.

माल्टा बेटावर सैनिकांना एक ताप यायचा, येत-जात राहणारा, महिनोन् महिने सांधे धरणारा. डेव्हिड ब्रूस या डॉक्टरनं १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधला. पण तो येतो कुठून हे आणखी अठरा वर्षं कळेना. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झॅमिट यांनी दाखवून दिलं की वरून धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या अंगात तो असतो आणि दुधातून माणसात उतरतो. शेळी चांगली खात-पीत असते, दूध चांगलं दिसतं, वास चांगला येतो, तरीही. हाच ब्रुसेलोसिस. आमच्या घरात माझ्या भावाला झाला, दीड वर्ष गेलं त्याचं. आम्हीही ‘सत्त्व’ म्हणूनच प्यायचो.

दूध ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद धरलं तरी पुरतं. घरात तापमापक नसतो, म्हणून सरळ उकळी आणा. प्रथिनं, कॅल्शियम, स्निग्धांश सगळं जागेवर राहतं. शेळी व्यायल्यावर वार आणि मेलेली करडं उघड्या हातानं उचलू नका, जंतू तिथेही असतो. गरोदर बाईनं तर त्या कामाला जाऊच नये.

पहाटतारा, रविवारच्या धारेबद्दल. धार काढणं म्हणजे शब्बाथ, विसाव्याचा पवित्र दिवस, मोडणं नव्हे. तटलेली कास ठेवली तर शेळीला वेदना होतात, कासदाह होतो. बायबलमधल्या निर्गमच्या २०व्या अध्यायातल्या आज्ञेत विसावा घेणाऱ्यांच्या यादीत जनावरांचंही नाव आहे, आणि त्यांच्या आधी मुलगा, मुलगी दोघंही आहेत. मुलगी शब्द तिथे लिहिलेला आहे. धार सगळ्या मोठ्या मुलांना शिकवा. आठ-नऊ वर्षांचं मूल आठवड्याभरात शिकतं, आणि चार शेळ्यांना अर्धा तास पुरतो.

चुलीपाशी

इंधनाचं कोणी बोललं नाही अजून. दहा जणांचा स्वयंपाक चुलीवर होत असेल तर धुराकडे बघा. घरातल्या धुरानं जगात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसं दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालासाठीचा अंदाज आहे, आणि त्यात दोन लाखांवर पाच वर्षांखालची मुलं आहेत. तान्हं बाळ पाठीला बांधून चुलीशी बसणं हे चित्रात छान दिसतं, तेवढंच. चूल पडवीत किंवा धुराडं असलेल्या जागी हवी, आणि बाळ दुसऱ्या कोणाकडे.

मोठ्या कुटुंबाला एक फायदा मात्र आहे. गवताची पेटी. लाकडी खोका घ्या, तळाला आणि चहूबाजूंनी वीतभर सुकं गवत किंवा जुन्या गोधड्या दाबून भरा, मधे पातेल्याचा साचा राहू द्या. भिजवलेलं कडधान्य खळखळून उकळायचं, पंधरा मिनिटं उकळत ठेवायचं, घट्ट झाकण लावून पातेलं आत, वर जाड गादी. चार-सहा तासांत शिजून तयार. जळण निम्म्याहून कमी लागतं, ढवळायला कोणी लागत नाही, करपत नाही. पातेलं जेवढं मोठं आणि भरलेलं तेवढी उष्णता जास्त टिकते, म्हणून दोन माणसांच्या घरात ही पेटी रडते आणि दहांच्या घरात हसते. आम्ही रविवारी उपासनेला निघताना पातेलं आत ठेवतो. आलो की जेवायला बसतो, चुलीशी कोणालाच मागे ठेवावं लागत नाही.

दोन गोष्टी पाळा. राजमा आधी निदान दहा मिनिटं जोरात उकळल्याशिवाय पेटीत घालू नका, त्यातलं विष मंद आचेवर जात नाही, उलट वाढतं. आणि पेटीतून काढलेलं कोमट झालं असेल तर पुन्हा उकळी आणूनच वाढा.

सायंप्रार्थना

मी चर्चचा निवृत्त पाळक. हा धागा तीनदा वाचला.

मोठं कुटुंब आणि खेडं म्हटलं की मला इंग्लंडातलं एपवर्थ आठवतं. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची आई सुझाना तिथली. तिला १९ मुलं झाली, १० जगली. आपण तिची गोष्ट फार गोड करून सांगतो. प्रत्यक्षात १७०५ मध्ये तिचा नवरा कर्जापायी तुरुंगात होता. गावातल्या काहींचा त्याच्यावर इतका राग होता की वेस्लींच्या घरची गुरं जखमी केली गेली. १७०९ मध्ये घर जळून खाक झालं, पाच वर्षांच्या जॉनला खिडकीतून बाहेर काढलं. अशा घरात तिनं एक नेम पाळला: दर आठवड्याला प्रत्येक मुलासाठी एक ठरलेली संध्याकाळ. त्या वेळात ती फक्त त्या एकाशी बोलायची. जॉन मोठेपणीही आपल्या वाट्याच्या गुरुवारची आठवण काढायचा. तुमची मुलं आठ आहेत, वार सात. बाळाला अजून वार लागत नाही.

तुम्ही शेजाऱ्यांबद्दल काहीच लिहिलेलं नाही, आणि मला त्याचीच काळजी वाटली. आपण ख्रिस्ती माणसं नव्या गावात गेलो की काहीतरी द्यायला, शिकवायला धावतो. आधी मागायला जा. विळा मागा, बी मागा, कुठल्या महिन्यात काय पेरायचं ते विचारा. प्रभूनं शिष्यांना पाठवलं ते पिशवी न देता, आणि पुढ्यात येईल ते खा असं सांगून. ज्याच्याकडून तुम्ही कधी काही घेतलं नाही त्याच्या दारात संकटाच्या रात्री जाणं फार जड जातं. दहा जणांच्या घरात अशी रात्र येणारच. रात्री दोन वाजता वाहन कोणाकडे आहे, हे आत्ताच माहीत हवं.

आणि मंडळीला कळवा. दोन तासांवरच्या मंडळीनं महिन्यातून एक रविवार तुमच्या पडवीत उपासना घ्यायला काय हरकत आहे? सुझानाच्या स्वयंपाकघरात १७१२ च्या हिवाळ्यात, नवरा लंडनला असताना, घरच्या उपासनेला शेजारी येता येता दोनशेच्या आसपास माणसं जमू लागली होती. सुरुवात घरच्याच मुलांना घेऊन झाली होती.

रानवाट

पाळकसाहेब, ठरलेल्या संध्याकाळची गोष्ट मला माहीत नव्हती. धन्यवाद.

पहाटतारा

पाच आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांना एकेकट्यानं उत्तर देता आलं नाही, पण तुमच्यातल्या प्रत्येकाचं काही ना काही या घरात आता आहे.

तुमचे प्रतिसाद वाचल्यावरच्या शनिवारी नवऱ्यानं सगळ्या वाट्या रिकाम्या केल्या आणि म्हणाला, आज दोराला कोणी हात लावायचा नाही. सकाळी सहापासून सगळं पाणी त्यानं एकट्यानं ओढलं. कपड्यांचा दिवस होता. संध्याकाळी त्याच्या वाटीत एकेचाळीस खडे होते. प्रार्थनेला बसला तेव्हा त्याला बोटं मिटता येईनात. त्यानं थोरलीकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. प्रार्थनेत नाही, प्रार्थनेच्या आधी. मी त्याला काही सुचवलं नव्हतं.

पंप शेजारच्या आजोबांकडे पडून होता. मागायला गेलो तर त्यांनी तो दिला आणि बसवायलाही आले, वर आम्ही लावलेली रोपं बघून सांगून गेले की ही इतकी जवळ लावायची नसतात. टाकी आहे. मशीन जुनं मिळालंय, चालतं. पाळ्यांचा कागद दारामागे आहे. पंधरा वर्षांच्या मुलाची स्वयंपाकघराची पाळी पहिल्यांदा आली तेव्हा दोन दिवस तोंड फुगलेलं होतं, तिसऱ्या दिवशी त्यानं गवताच्या पेटीचं झाकण स्वतः शिवलं. पाय धुवायचा शनिवारही पाळतो. धाकट्यांना त्याचं फार अप्रूप. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी मंडळी आमच्याकडे येणार आहे.

मुलीशी बोलले. एकटीशी, मोकळ्या हातांनी. तिला परीक्षा झाली की शिकायला शहरात परत जायचंय. गाव तिला आवडतं, असंही म्हणाली, पण जायचंय. मला रडू आलं आणि मी ते तिच्यासमोर येऊ दिलं नाही. रानवाट, तुमचंच ऐकून. काही दुरुस्त करायला गेले नाही. बरं म्हटलं.

मंगळवार तिचा ठरलाय. पहिल्या मंगळवारी आम्ही दोघी पडवीत बसलो. बाकीचे मागे मळ्यात होते, बाळाला नवऱ्यानं खांद्यावर घेतलं होतं. ती काही बोलेना, मलाही सुचेना. शेंगांची टोपली शेजारीच होती, सवयीनं मी ती ओढून सोलायला घेतली. तिनं टोपली माझ्या हातातून काढून लांब सरकवली. म्हणाली, आई, आज नको. मग बऱ्याच वेळानं बोलायला लागली.

विहीरकाठ

ताई, झाकणाचं राहिलंय सांगायचं.

पहाटतारा

टाकलं दादा. जाड फळ्यांचं आहे, दोन मोठ्या माणसांशिवाय उचलत नाही, आणि कडी बाळाच्या हाताच्या बरीच वर. वाट्या आता कठड्यावर नाहीत.